दुसऱ्या नदीतून शिंपले आणून सोडायचे का? आमच्या पट्ट्यात फक्त मोठेच उरलेत

काठावरचा:

नमस्कार मंडळी. आम्ही सात-आठ जण गेली दोन वर्षं नदीच्या एका छोट्या पट्ट्यावर काम करतोय. लांबी साधारण साडेतीनशे मीटर. प्लास्टिक काढलं, काठावर झाडं लावली, दोन ठिकाणी सांडपाणी थेट पात्रात उतरत होतं ते पाठपुरावा करून बंद करवलं. पाणी डोळ्यांना तरी बरंच निवळलंय.

मी लहान असताना इथे पाण्यात उतरलं की तळपायाला शिंपल्याची कड लागायचीच. पाणी ओसरलं की ओल्या वाळूत त्यांच्या सरकण्याच्या रेघा दिसायच्या आणि रेघेच्या टोकाला बोट खुपसलं की शिंपला हाती यायचा. गेल्या महिन्यात आम्ही गुडघाभर पाण्यात एका ओळीत चालत, हाताने तळ चाचपत शोध घेतला. दोन सकाळी मिळून एकोणीस सापडले. सगळे जिवंत, सगळे तळहाताएवढे. मोजले आणि जागच्या जागी ठेवले.

आता विचार असा आहे की इथून दूर दुसऱ्या एका नदीत ते भरपूर आहेत, तिथून दोनेकशे आणून आपल्याकडे सोडावेत. गोणपाट ओलं करून नेले तर वाटेत टिकतात असं एकाने सांगितलं. हे बरोबर आहे का? कोणी केलंय का? सोडायचे तर कुठे, डोहात की वाहत्या पाण्यात? सगळे उत्साहात आहेत, पण मला मनातून खात्री वाटत नाहीये, म्हणून विचारतोय.

ओंजळभर:

दादा, काम छान चाललंय. माझ्या मते आणाच. शिंपले पाणी गाळतात, एकेक मोठा शिंपला दिवसाला कितीतरी लिटर पाणी कल्ल्यांमधून काढतो. ते आले की पाणी आणखी स्वच्छ होईल आणि स्वच्छ पाण्यात त्यांची पिल्लं आपोआप वाढतील. आम्ही एका तळ्यात सोडले होते, वर्षभर तरी छान होते.

गोटेवाली:

काठावरचे दादा, आणू नका. निदान आत्ता तरी नको. मी हे काम बरीच वर्षं केलंय आणि जी चूक तुम्ही करायच्या बेतात आहात ती मी पूर्ण करून बसलेय, म्हणून जरा लांबलचक लिहिते.

मी तुमच्या पोस्टमध्ये थांबले ती 'सगळे तळहाताएवढे' या शब्दांपाशी. एकोणीस मोठे सापडले आणि बोटाच्या पेराएवढा एकही नाही, याचा अर्थ तुमच्याकडे वस्ती आहे पण घरात पाळणा हललेला नाही. शिंपले फार जगतात. युरोपातला मोत्यांचा नदीशिंपला शंभरी सहज ओलांडतो. त्यामुळे पिल्लं होणं थांबलं तरी पुढे कित्येक वर्षं नदीत शिंपले दिसत राहतात आणि लोकांना वाटतं सगळं ठीक आहे. तुमचे एकोणीस ज्या काळात जन्मले त्या काळात नदीत असं काहीतरी होतं जे आता नाही. ते काय, हे कळल्याशिवाय दोनशे आणलेत तर दोनशे एकोणीस म्हातारे होतील, एवढंच.

आता 'पिल्लं आपोआप वाढतील' याबद्दल. ओंजळभर, तळ्यातले मोठे शिंपले वर्षभर टिकले याचं मला अजिबात नवल नाही, मोठे शिंपले टिकतातच. पण नदीच्या शिंपल्याचं पिल्लू माशाशिवाय होत नाही. मादी अंडी स्वतःच्या कल्ल्यात जपते. त्यातून निघते ती अळी, तिला ग्लोकिडियम म्हणतात, म्हणजे डोळ्याला जेमतेम दिसेल न दिसेल एवढी दोन झाकणांची डबी. ती पाण्यात सुटली की तिला थोड्याच काळात माशाचा कल्ला नाहीतर पर गाठावा लागतो. गाठला तर ती झाकण मिटून चिकटते, माशाची कातडी तिच्यावर चढते आणि त्या आवरणात तिचा शिंपला घडतो. जात आणि पाण्याची ऊब यांप्रमाणे याला काही आठवडे किंवा काही महिने लागतात. युरोपातल्या त्या मोत्यांच्या शिंपल्याची अळी तर ट्राउट किंवा सामन माशाच्या कल्ल्यावर अख्खा हिवाळा काढते. मग आवरण फुटतं, पिल्लू तळाला पडतं आणि गोट्यांच्या फटीत शिरतं. मासा सापडला नाही तर अळी मरते. चुकीच्या जातीचा मासा सापडला तरी मरते, कारण त्याचं अंग तिला झटकून टाकतं.

गंमत म्हणजे या अळ्या शिंपल्याच्याच आहेत हे फार काळ कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. 1797 मध्ये राथके नावाच्या अभ्यासकाने शिंपल्याच्या कल्ल्यात त्या पाहिल्या आणि शिंपल्याला झालेली कीड समजून त्यांना 'ग्लोकिडियम पॅरासिटिकम' असं नाव दिलं. ते नाव अजून चिकटून आहे.

मी स्वतः त्या पहिल्यांदा पाहिल्या तो दिवस मला लख्ख आठवतो. बादलीत बोटभर लांबीचा मासा होता. माझ्या शिक्षिकेने ओल्या हाताने तो धरला, कल्ल्याचं झाकण नखाच्या टोकाने किंचित उचललं आणि म्हणाल्या, बघ. आतल्या लालभडक झालरीवर मिठाचे कण भुरभुरावेत तसे पांढरे ठिपके होते. मोजायला गेले तर चाळीसच्या पुढे माझा हिशोब चुकला. त्या कणांतला प्रत्येक कण एक शिंपला होता आणि तो मासा त्यांना घेऊन प्रवाहाविरुद्ध वर निघाला होता. शिंपल्याला स्वतःच्या पायाने जन्मभरात जेवढं सरकता येतं त्याच्या कितीतरी पट दूर मासा त्याला आठवड्याभरात नेतो. नदीच्या वरच्या अंगाला शिंपले पोचतात ते असे.

आणि मासा गाठायला शिंपले काय काय करतात! उत्तर अमेरिकेत लॅम्पसिलिस नावाचे शिंपले आहेत. त्यांची मादी अंगाच्या कडेची झालर बाहेर काढून अशी हलवते की हुबेहूब छोटा मासा पोहतोय असं वाटतं, डोळ्याच्या ठिपक्यासकट. मोठा मासा खायला झडप घालतो आणि तोंडभर अळ्या घेऊन जातो. तिथलाच स्नफबॉक्स नावाचा शिंपला आणखी पुढे जातो. लॉगपर्च नावाचा मासा तळाचे खडे उलटत भक्ष्य शोधतो. त्याने नाक जवळ आणलं की हा शिंपला त्याचं डोकंच दोन झाकणांत पकडतो, कल्ल्यात अळ्या सोडतो आणि मगच मोकळं करतो. हे सांगायचं कारण एवढंच की शिंपला आणि त्याचा मासा यांचं नातं इतकं घट्ट असतं. मासा गेला की शिंपला उरलेलं आयुष्य फुकट जगतो.

आता माझी चूक. पंधराएक वर्षांपूर्वी आम्ही अशाच एका पट्ट्यात एकशे दहा शिंपले आणून सोडले. प्रत्येकाच्या पाठीवर नंबराची बारीक चकती चिकटवली होती. पुढच्या वर्षी शोधले तर चौतीस जिवंत सापडले. काहींची रिकामी कवचं खालच्या वळणावर मिळाली, चकतीसकट. बाकीचे पुरात कुठे गेले ठाऊक नाही. नंतर सलग सहा वर्षं मी दर उन्हाळ्यात तिथे वाळू चाळली. एक पिल्लू नाही. ज्या नदीतून आणले तिथला तळही आम्ही उकरून ठेवला होता, ते मला आजही टोचतं. सोडताना आम्ही मासे कोणते आहेत हे पाहिलं नव्हतं आणि तळ वरून स्वच्छ दिसला म्हणून खाली हात घालून पाहिला नव्हता.

तळाचं सांगते, कारण बहुतेक ठिकाणी घोडं तिथेच अडतं. पिल्लू माशावरून पडलं की पहिली काही वर्षं वर येतच नाही. गोटे आणि रेतीच्या आत, वीतभर खोलीच्या थरात गाडून घेतं आणि पायाने कण ओढून खातं. म्हणून त्या थरातून पाणी खेळतं पाहिजे. वरून बारीक गाळ बसला की फटी बुजतात, आत प्राणवायू पोचत नाही, कुजणाऱ्या गाळातून अमोनिया सुटतो, आणि अमोनिया पिल्लांना फार लवकर मारतो. मोठ्या शिंपल्याचं तोंड वर, वाहत्या पाण्यात असतं, म्हणून त्याच जागी तो मजेत असतो. पाणी निवळ दिसणं आणि तळ जिवंत असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

हे तपासायला महागडं यंत्र नसलं तरी चालतं. रंग किंवा पॉलिश नसलेल्या, कोवळ्या फिकट लाकडाच्या हातभर काड्या घ्या. तळात वीत-सव्वा वीत उभ्या ठोका, वरचं टोक थोडं दिसू द्या. पाच-सहा आठवड्यांनी काढा. जिथवर प्राणवायू पोचतो तिथवर लाकूड फिकट-तपकिरी राहतं, जिथे पोचत नाही तिथून खाली काळपट राखाडी पडतं आणि कुजक्या अंड्यासारखा वास येतो. काढल्या काढल्या फोटो घ्या, हवेत रंग बदलतो. डोहात, उथळ खळाळात, मुळांशी, वळणाच्या आतल्या बाजूला अशा वेगवेगळ्या जागी ठोका. आधी एवढं करा आणि मग बोलू.

आणि हो, कोणत्याही नदीतून काहीही उचलायला मत्स्य किंवा वन खात्याची परवानगी लागते का, हे आधी विचारा. दुसऱ्या नदीतला शिंपला किंवा मासा एकटा येत नाही. चीनकडचा मोठा तळ्यातला शिंपला युरोपभर पसरला तो पाळायला आणलेल्या माशांच्या कल्ल्यांवर बसून. आणणाऱ्यांना पत्ताही नव्हता.

जाळंवाला:

ताईंनी शिंपल्याचं सगळं सांगितलं, मी माशाचं सांगतो. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या जाळं आहे.

दादा, तुमच्या साडेतीनशे मीटरच्या खालच्या अंगाला काय आहे? बंधारा, फरशीचा पूल, मोरी, काही आहे का? लोक मोठ्या धरणाचं बोलतात, पण तळाला चिकटून राहणारे बोटाएवढे मासे उडी मारू शकत नाहीत. त्यांना वीत-दीड वीत उंचीची पायरीसुद्धा भिंत आहे. मोरीच्या नळातून पाणी धारेने खाली पडत असेल तर वरचा आणि खालचा मासा कायमचा तुटला. वर जे होते ते एखाद्या कोरड्या वर्षात संपले की परत कोणी येत नाही. शिंपला वर तसाच वाट बघत राहतो.

दुसरं, काठ साफ करताना पाण्यात पडलेली झाडं, ओंडके, लोंबती मुळं काढलीत का? बहुतेक जण काढतात, दिसायला घाण वाटतं म्हणून. लहान मासा तिथेच लपतो, मोठं पाणी आलं की तिथेच तगतो. आम्ही जाळं टाकायला सुद्धा अशीच जागा शोधतो.

गोटेवाली:

जाळंवाले दादा, हे तुम्ही लिहिलंत ते फार बरं झालं. पायरीबद्दल एक मोठं उदाहरण आहे. अमेरिकेतल्या सस्क्वेहॅना नदीवर 1928 मध्ये कोनोविंगो धरण झालं. तिथल्या एका साध्या, एके काळी विपुल असलेल्या शिंपल्याचा मुख्य यजमान म्हणजे ईल, सापासारखा लांब मासा, जो समुद्रातून नदीत चढतो. धरणाने ईलची वाट बंद झाली. वरचे शिंपले जगत राहिले, पण म्हातारे होत गेले, पिल्लं नगण्य. कारण कळल्यावर तिथल्या लोकांनी धरणाच्या पायथ्याशी चढून येणारे लहान ईल पकडून वरच्या पाण्यात नेऊन सोडायला सुरुवात केली. शिंपल्यासाठी करायचं पहिलं काम मासा नेणं हे होतं.

तळाचं उदाहरण जर्मनीतल्या लुटर नावाच्या लहानशा नदीचं. तिथे मोत्यांचे शिंपले संपत आले होते. त्यांनी काठच्या जमिनी मिळवल्या आणि नदीत येणाऱ्या ओहोळांवर रेती अडवणारे खड्डे केले, म्हणजे गाळ नदीत यायच्या आधी तिथे बसतो आणि काढता येतो. जोडीला ट्राउटच्या कल्ल्यांवर अळ्या चढवून मासे त्याच नदीत सोडले. तिथे पुन्हा लहान शिंपले दिसायला लागले.

काठावरचा:

सगळ्यांचे आभार. उत्तर द्यायला सात आठवडे लागले, कारण काड्या ठोकल्या होत्या.

बारा काड्या ठोकल्या. एक वाहून गेली. डोहातल्या चार आणि मधल्या संथ पट्ट्यातल्या तीन, दोन-तीन बोटं खोलीपासूनच काळ्या. ताई, तुम्ही म्हणालात तो वास इतका होता की मुलं मागे सरली. पण वरच्या टोकाला, जिथे एक जुनं झाड पाण्यावर झुकलंय आणि मुळांमुळे पाणी वळून जोरात वाहतं, तिथल्या चार काड्यांपैकी तीन तळापर्यंत फिकट निघाल्या. चौथी अर्धी. आपले एकोणीसपैकी अकरा शिंपले त्याच्या खालच्या बाजूला, वीस पावलांच्या आत होते हे नकाशावर खुणा केल्यावर लक्षात आलं.

जाळंवाले काका, तुमचं खरं ठरलं. खाली नळाची मोरी आहे. नळाच्या तोंडातून पाणी बोटांपासून कोपरापर्यंतच्या उंचीवरून खाली पडतं. मी रोज त्यावरून जातो आणि माझ्या डोक्यात कधी आलं नाही. ओंडके आम्ही पहिल्याच वर्षी काढले होते. दोन अजून काठावर पडून आहेत.

शिंपले आणायचं रद्द केलंय. दोघे जण नाराज झाले, त्यांना तुमची चौतीसची गोष्ट वाचून दाखवली. आता पुढे काय? डोहातला गाळ मशीन लावून काढावा का? एक जण मशीन द्यायला तयार आहे.

ओंजळभर:

मी आधी घाईने लिहिलं होतं. आमच्या तळ्यात परवा जाऊन पाहिलं, मोठे आहेत, लहान एकही नाही. त्यात मासेही बाहेरून आणून सोडलेलेच आहेत. माझं उत्तर कोणी पाळू नये.

गोटेवाली:

ओंजळभर, तुम्ही जाऊन पाहिलंत याचा मला मनापासून आनंद झाला.

दादा, मशीन नको. हे अगदी ठामपणे सांगते. मशीनच्या एका दिवसात खालचा सगळा थर उलटतो, उठलेला गाळ वाहत जाऊन नेमका तुमच्या खालच्या चांगल्या जागांत बसतो, आणि बादलीत चिखलाबरोबर शिंपले बाहेर पडून उन्हात मरतात. मी काठावर टाकलेल्या अशा ढिगात हाताने शोधून सत्तर-ऐंशी परत पाण्यात टाकलेत, बरेचसे उघडेच होते. शिवाय गाळ येण्याची वाट तशीच राहिली तर दोन मोसमांत डोह पुन्हा भरतो. गाळ कुठून येतो ते आधी बघा. पहिल्या मोठ्या पावसात छत्री घेऊन काठाने चाला आणि कोणत्या ओहोळातून गढूळ पाणी येतं, जनावरं कुठे उतरतात, काठ कुठे ढासळतोय ते टिपून ठेवा. एका सकाळीत जेवढं कळेल तेवढं महिनाभर कागद चाळून कळणार नाही. मग त्या ओहोळाच्या तोंडाशी रेती अडवणारा खड्डा, उतारावर गवताचा पट्टा.

झुकलेल्या झाडाखालची जागा हे तुमचं धन आहे. तिथे शोधायला सुद्धा वारंवार चालू नका, पायाने थर दाबला जातो. वर्षातून एकदा, पाणी कमी असताना, एका हात चौरसातली वरची रेती बारीक जाळीच्या चाळणीतून पाण्यातच हलकेच चाळा आणि लगेच परत घाला. नखाएवढा शिंपला मिळतो का बघा. मिळाला तर कवचावरच्या रेघा मोजून वय काढायचा मोह होईल, पण फार विसंबू नका, दुष्काळ पडला किंवा कोणी हाताळलं तरी जादा रेघ पडते.

मासे कोणते आहेत हे काकांना सोबत घेऊन पाहा. आणि तुमच्या शिंपल्याचा मासा कोणता, हे एखाद्या महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागाला विचारा. टाकीत वेगवेगळ्या माशांवर अळ्या चढवून, तळाला किती जिवंत पिल्लं पडतात ते मोजून ते शोधतात. एक लक्षात ठेवायला सांगा, ज्या माशाला आधी पुष्कळदा अळ्या लागून गेल्या असतील त्याचं अंग त्या नाकारायला शिकतं, म्हणून लहान, कोरे मासे घ्यावे लागतात.

जाळंवाला:

मोरीचं काम आधी घ्या, ते सगळ्यांत सोपं आहे. नळ मोडायची गरज नाही. खालच्या बाजूला मोठे दगड असे रचा की पाणी फुगून नळाच्या तोंडापर्यंत येईल. एकदम एक उंच बांध नको, वीतभरापेक्षा कमी उंचीच्या तीन-चार उतरत्या रांगा करा, प्रत्येक रांगेत मधे फट ठेवा. लहान मासा फटीतून सरकतो, दगडाआड दम खातो, पुन्हा सरकतो. रस्त्याचं काम बघणाऱ्यांना सांगून करा, नाहीतर एक दिवस येऊन काढून टाकतील. नळाच्या आतही तळाशी थोडे गोटे बसले तर बरं, गुळगुळीत सिमेंटवर माशाला धार झेपत नाही.

आणि ते दोन ओंडके परत पाण्यात घाला. बुंधा काठाकडे, शेंडा प्रवाहाच्या दिशेने, दोरखंडाने झाडाला बांधा. पुरात सुटला तर तोच मोरीत जाऊन अडकेल. मी येतो त्या दिवशी, जाळं नाही आणत, फक्त काचेच्या तळाचा डबा आणतो, पाण्यात बघायला.

काठावरचा:

काका, या. रविवारी ओंडके घालतोय. झाडाखालच्या जागेच्या दोन्ही बाजूंना काठावर खुंट्या मारून दोरी बांधलीय, तिथे कोणी उतरू नये म्हणून. ताई, काड्यांचा दुसरा संच आजच ठोकला, या वेळी मोरीच्या खालीही चार.